व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा बोलता करताना

माळ्यावरून किंवा गावाकडच्या घरातून जुना रेडिओ खाली काढला की पहिली इच्छा होते ती पिन सॉकेटमध्ये घालून बघायची. ती इच्छा आवरा. कित्येक वर्षं बंद पडलेल्या सेटमधले फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून डीसी सपाट करणारे भाग) आतून सुकलेले असतात. एकदम 230 व्होल्ट मिळाले की कंडेन्सर शॉर्ट होतो, रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह (काचेची नळी), उडतो आणि कोणी बटण बंद करेपर्यंत पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघतो. कंडेन्सर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर मात्र आता तयार मिळत नाही, वाइंडिंग करूनच घ्यावा लागतो.

हा लेख साधारण 1955 ते 1970 या काळातल्या टेबल रेडिओंबद्दल आहे. आपल्याकडे घरोघरी होते ते हेच: मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, एचएमव्ही. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. चार-पाच व्हॉल्व्ह, मीडियम वेव्ह आणि एक-दोन शॉर्ट वेव्ह, समोर शहरांची नावं लिहिलेली काच. हाताला थोडी सफाई असेल आणि घाई नसेल, तर असा सेट घरी दुरुस्त होऊ शकतो. या कामाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की व्हॉल्व्ह मिळत नाहीत म्हणून रेडिओ मेला. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ठणठणीत असतात. सेट बंद पडतो तो मेणाच्या कागदी कंडेन्सरांमुळे.

आधी सेटची जात ओळखा

मागचा पुठ्ठा काढा आणि व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. पहिलं अक्षर सगळं सांगतं.

ई असेल, म्हणजे ईसीएच81, ईएफ89, ईबीसी81, ईएल84, ईझेड80 असा संच असेल, तर तो एसी सेट. आत पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, 6.3 व्होल्ट मिळतात. शिकायला हाच उत्तम.

यू असेल, म्हणजे यूसीएच81, यूएफ89, यूबीसी81, यूएल84, यूवाय85, तर तो एसी-डीसी सेट. कोलकात्यासारख्या शहरांच्या काही भागांत तेव्हा डीसी वीज होती आणि ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. म्हणून या सेटमध्ये सगळे हीटर एकामागोमाग सिरीजमध्ये जोडून उरलेला व्होल्टेज एका जाड ड्रॉपर रेझिस्टन्समध्ये जिरवतात. ट्रान्सफॉर्मर वाचतो, सेट स्वस्त पडतो, पण चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सच्या (घरच्या विजेच्या) एका वायरला जोडलेली असते. पिन उलटी लागली की सगळ्या चासीवर 230 व्होल्ट. नॉबच्या आतला बारीक स्क्रूसुद्धा जिवंत असतो, म्हणून कारखान्यात त्याच्या भोकात मेण भरलेलं असायचं. एखादा नॉब हरवलाय आणि नुसता दांडा बाहेर दिसतोय, असा एसी-डीसी सेट मुलांच्या हाताशी ठेवू नका. नवख्याने हा सेट पहिला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलाच तर 230 ला 230 व्होल्टचा, साधारण 100 व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

डी असेल, म्हणजे डीके96, डीएफ96, डीएएफ96, डीएल96, तर तो बॅटरीवरचा सेट. त्याचे फिलामेंट 1.4 व्होल्टचे आणि केसासारखे नाजूक असतात. चुकून जास्त व्होल्टेज गेला तर सगळे एका क्षणात जातात.

यापुढचं सगळं एसी सेट धरून लिहिलं आहे.

हत्यारं आणि सिरीज बोर्ड

25 ते 35 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, 60/40 सोल्डर, डिसोल्डर पंप, नोजप्लायर, कटर, मऊ ब्रश आणि 1000 व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा मल्टिमीटर. मीटरच्या प्रोबच्या वायरी चांगल्या असाव्यात, त्यात काटकसर नको. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात हे सगळं एका फेरीत मिळतं.

एक गोष्ट मात्र घरी बनवायची: सिरीज बोर्ड. आयटीआयमध्ये शिकलेल्या कोणालाही तो माहीत असतो. बल्बचा होल्डर आणि थ्री-पिन सॉकेट एकाच फेजच्या वायरवर सिरीजमध्ये जोडायचे, म्हणजे सॉकेटमध्ये लावलेल्या सेटकडे जाणारा सगळा करंट आधी बल्बमधून जातो. बल्ब जुन्या तारेचाच हवा, 60 आणि 100 वॅटचा एकेक. एलईडी इथे कामाचा नाही. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा व्होल्टेज स्वतःवर घेतो. सेट वाचतो.

आता जिवाची गोष्ट. या सेटमध्ये 250 ते 300 व्होल्ट डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. चासीला हात लावण्याआधी 1 ते 10 किलोओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड वायरीने फिल्टर कंडेन्सरच्या टोकाला आणि चासीला काही सेकंद धरायचा, मग मीटरने शून्य आल्याची खात्री करायची. हे दर वेळी करायचं. चालू सेटमध्ये मोजताना काळा प्रोब क्लिपने चासीला अडकवा आणि एकाच हाताने काम करा, दुसरा हात खिशात. पायात चप्पल, आणि घरात कोणीतरी जागं असताना.

सफाई, आणि काचेची काळजी

पुठ्ठा, नॉब आणि तळाचे स्क्रू काढून चासी अलगद बाहेर घ्या. स्पीकरच्या वायरी कुठे लागल्यात त्याचे आणि एकूण चासीचे भरपूर फोटो आधीच काढा. व्हॉल्व्ह उपसण्यापूर्वी कुठला कुठे होता ते कागदावर लिहा. व्हॉल्व्ह सरळ वर ओढायचे, हलवून हलवून काढले तर पिनांजवळ काच तडकते. काच पुसताना छापलेला नंबर सोडून पुसा. तो नंबर नुसत्या बोटाने जातो आणि मग तो व्हॉल्व्ह कुठला हे कळायला मार्ग राहत नाही.

धूळ कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने काढा. पाणी कुठेच नको. झुरळांची आणि पालींची अंडी, उंदराने कुरतडलेली वायर, वाळवीची माती, यातलं काहीही आत निघू शकतं, त्यामुळे नाकाला फडकं बांधलेलं बरं.

डायलच्या काचेपाशी थांबा. मुंबई, दिल्ली, सिलोन, लंडन ही नावं काचेच्या मागच्या बाजूने छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी त्या शाईची काचेवरची पकड सुटलेली असते. काच पुसायच्या फवाऱ्याने किंवा ओल्या फडक्याने मागून एक हात फिरवला की अख्खं शहर फडक्यावर येतं. ते परत काचेवर बसवता येत नाही. काच फक्त समोरून, किंचित ओलसर कापडाने पुसायची. मागून अगदी मऊ, कोरडा ब्रश, तोही अक्षरं सोडून. या एका भागावर सेटचं सगळं रूप अवलंबून असतं, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा सफाईत बरबाद होतो.

बँड स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोलला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा देऊन पन्नासेक वेळा फिरवा. गंजासाठीचं तेलकट स्प्रे इथे मारू नका, ते धूळ धरून ठेवतं.

पहिल्यांदा वीज देताना

सगळे व्हॉल्व्ह बाहेर असतानाच सुरुवात करायची. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असतो, 110 पासून 245 पर्यंत. तो 245 वर ठेवा, आपल्या घरांत 230 च्या वरच व्होल्टेज बरेचदा असतो. मेन्सची वायर भुसभुशीत झाली असेल, आणि ती झालेलीच असते, तर आधी नवी घाला. फ्यूज योग्य मापाचा आहे ना ते बघा. कुठल्याशा तांब्याच्या तारेने बांधलेला असेल तर बदला. मग 60 वॅटचा बल्ब लावून सिरीज बोर्डवर सेट चालू करा. व्हॉल्व्ह नसताना बल्बची तार जेमतेम लालसर व्हावी किंवा पेटूच नये. ती उजळली तर ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा मेन्सवरच्या कंडेन्सरमध्ये शॉर्ट आहे. अर्धा तास तसंच ठेवा, ट्रान्सफॉर्मर कोमट होण्यापलीकडे तापायला नको. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या सेटच्या वाइंडिंगमध्ये दमटपणा मुरलेला असतो. तो सेट आधी काही दिवस कोरड्या, उबदार जागी राहू द्या, घाईने पुढे जाऊ नका.

ट्रान्सफॉर्मर ठीक निघाला तर अर्धी लढाई जिंकलात. पण व्हॉल्व्ह अजून लावायचे नाहीत.

कंडेन्सर बदलणं: खरं काम इथे आहे

चासी उलटी केली की मेणात बुडवलेले किंवा डांबरासारख्या काळ्या आवरणातले नळकांडीसारखे कंडेन्सर दिसतात. आत कागद आणि पत्रा गुंडाळलेला असतो. कागद ओल धरतो आणि कंडेन्सर डीसी गळू देतो. हे एकजात सगळे बदलायचे. एकेक तपासत बसण्यात अर्थ नाही, कारण साधा मल्टिमीटर 9 व्होल्टच्या सेलवर मोजतो आणि गळती दिसते ती 200 व्होल्टवर.

त्यातही एक कंडेन्सर असा आहे की बाकीचं सगळं राहिलं तरी चालेल, तो आधी बदलायचा. ईबीसी81 च्या प्लेटपासून ईएल84 च्या ग्रिडपर्यंत जाणारा, बहुधा 0.01 किंवा 0.02 मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर. (प्लेट, ग्रिड, कॅथोड, स्क्रीन हे व्हॉल्व्हच्या आतले भाग; ईएल84 हा स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह.) त्याच्या एका टोकाला शंभरच्या आसपास व्होल्ट असतात, दुसऱ्या टोकाला शून्य असायला हवा. तो थोडासा जरी गळला तरी ग्रिड पॉझिटिव्ह होतो, ईएल84 बेसुमार करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट (स्पीकरचा) किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मर जातो. आवाज फाटतो, दहा मिनिटांनी सेट गरम होऊन वास येतो, ही तक्रार ऐकली की या कंडेन्सरकडे बोट दाखवायचं.

नवे कंडेन्सर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, 630 व्होल्टचे घ्या. ईएल84 च्या प्लेटवर जो टोनचा छोटा कंडेन्सर असतो, 0.005 च्या आसपास, तो मात्र 1000 व्होल्टच्या वरचा हवा, कारण आवाजाच्या झटक्यांत तिथे बराच जास्त व्होल्टेज येतो. मेन्सवरच्या कंडेन्सरांना वेगळा नियम आहे: दोन मेन्स वायरींच्या मध्ये एक्स2 वर्गाचा आणि मेन्स ते चासी वाय2 वर्गाचाच लावायचा. एसी-डीसी सेटमध्ये एरियल आणि अर्थच्या सॉकेटला लागलेले कंडेन्सरही वाय2 हवेत, तुमच्या आणि मेन्सच्या मध्ये तेवढाच एक पडदा असतो. चपटे मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर सहसा बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका.

एका वेळी एकच कंडेन्सर काढा आणि त्याच जागी लगेच नवा लावा. चार एकदम काढले की फोटो असूनही गोंधळ होतो.

मग फिल्टर. उभा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत दोन, म्हणजे 50 अधिक 50 मायक्रोफॅरड, 350 व्होल्ट. नवे 47 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे दोन घ्या आणि चासीखाली नीट बांधा. जुना डबा वायरी तोडून वर तसाच राहू द्या, सेट मूळ रूपात दिसतो. जास्त चांगलं होईल म्हणून 100 किंवा 220 मायक्रोफॅरड घालण्याचा मोह होतो. ईझेड80 ला लागणारा पहिला कंडेन्सर 50 च्या पुढे नेऊ नका, सुरुवातीच्या झटक्याने रेक्टिफायरचं आयुष्य संपतं.

रेझिस्टन्सची ओहममधली किंमत वर्षानुवर्षांत वाढत जाते. एक टोक सुटं करून मोजा, 20 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बदला. काढलेले सगळे भाग एका पाकिटात घालून चासीला चिकटवून ठेवा. पुढच्या माणसाला मूळ किमती कळतात.

व्हॉल्व्ह लावून पहिला आवाज

लावण्याआधी व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाकडे बघा. चंदेरी किंवा काळसर आरशासारखा डाग असतो. तो पांढराफटक दुधी झाला असेल तर हवा आत शिरली आहे, व्हॉल्व्ह गेला. नाहीतर बहुधा चालतो.

स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करा. स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. आता 100 वॅटचा बल्ब लावून सिरीज बोर्डवर चालू करा. बल्ब आधी बराच उजळेल, कारण थंड हीटर जास्त करंट ओढतात, आणि मग मंद होईल. मंद न होता उजळतच गेला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधा.

सगळं ठीक दिसलं की सेट थेट मेन्सवर घ्या आणि ईएल84 च्या सॉकेटवर मीटर लावा. चासी उलटी असताना, खालून बघताना, पिना घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. 3 नंबरच्या पिनवर, म्हणजे कॅथोडवर, 6 ते 8 व्होल्ट यावेत. 7 नंबरवर प्लेटचे 220 ते 250, 9 नंबरवर स्क्रीनचे साधारण तेवढेच. आणि 2 नंबरवर, ग्रिडवर, शून्य. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. तिथे एक व्होल्ट जरी चढताना दिसला तर कपलिंग कंडेन्सरचं एक टोक सुटं करून परत मोजा. शून्य झाला तर कंडेन्सर खराब, तरीही चढत असेल तर व्हॉल्व्हमध्येच दोष आहे. 7 नंबरवर काहीच नाही आणि स्क्रीनची जाळी लाल दिसतेय, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी तुटलेलं आहे; सेट ताबडतोब बंद करा.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जोरात गुणगुण येत असेल तर फिल्टरकडे परत जा. व्हॉल्यूमबरोबर गुणगुण वाढत असेल तर दोष पुढच्या टप्प्यांत, बहुधा शील्डच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.

मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला ध्वनी दिला आणि तो स्पीकरमधून स्वच्छ आला, तर ऑडिओचा भाग पास. तरीही केंद्र लागत नसेल तर ईसीएच81 चा ऑसिलेटर (सेटमध्येच दुसरी लहर तयार करणारा भाग) चालतोय का ते बघायचं. त्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर पुरतो. जुन्या सेटचा काटा पुणे आकाशवाणीच्या 792 किलोहर्ट्झवर ठेवा. सेटचा आयएफ (आतली ठरलेली मधली वारंवारता) 455 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, फिलिप्समध्ये अनेकदा 452. म्हणजे ऑसिलेटर दोन्हींच्या बेरजेवर, 1247 च्या जवळपास असणार. ट्रान्झिस्टर सेटला चिकटवून 1247 च्या आजूबाजूला ठेवा आणि जुन्या सेटचा काटा हळूहळू मागेपुढे हलवा. ट्रान्झिस्टरची खरखर एका जागी एकदम शांत झाली किंवा शिट्टी आली, तर ऑसिलेटर जिवंत आहे. काहीच फरक पडला नाही तर ईसीएच81 बदलून बघा. हा व्हॉल्व्ह आता कोणी बनवत नाही, पण बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले न वापरलेले नग जुन्या दुकानांत अजून सापडतात. ईएल84 नव्यानेही बनतो, त्याची चिंता नको.

जुन्या काचांवर आकडे मीटरमध्ये असतात. 300000 ला किलोहर्ट्झने भागा, 792 म्हणजे 379 मीटर. शिवाय 1978 मध्ये मीडियम वेव्हची केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने लावली गेली, त्यामुळे त्याआधीच्या काचेवर केंद्र थोडं सरकलेलं दिसलं तर तो सेटचा दोष नाही. कृपा करून आयएफटीचे (आयएफ ट्रान्सफॉर्मरचे) स्क्रू फिरवू नका. सिग्नल जनरेटर नसताना ते फिरवले की सेट बहिरा होतो, आणि चांगल्या चालत्या सेटांची वाट लागते ती इथे.

घरात ठेवल्यावर

एरियलशिवाय हा सेट मुका वाटेल. दहा-पंधरा मीटर वायर गॅलरीतून किंवा गच्चीवरून ओढा, विजेच्या तारांपासून दूर. दिवसा सगळीकडे कडकड ऐकू येते ती बहुधा रेडिओची नसून घरातल्या एलईडी दिव्यांची आणि मोबाइल चार्जरची असते. एकेक बंद करून बघा, अपराधी लगेच सापडतो. रात्री मीडियम वेव्हवर लांबची केंद्रं येतात, तेव्हा ऐका.

मोबाइलवरची गाणी या सेटवर ऐकायची असतील तर डाव्या-उजव्या वायरीत 1 किलोओहमचा एकेक रेझिस्टन्स घालून दोन्ही एकत्र करा आणि ग्रामोफोनच्या सॉकेटला द्या. सेट मोनो आहे, दोन्ही वायरी नुसत्या एकत्र पिळल्या तर फोनच्या आउटपुटवर ताण येतो. हे फक्त ट्रान्सफॉर्मरच्या एसी सेटला. एसी-डीसी सेटला फोन जोडणं म्हणजे हातातल्या फोनवर मेन्स आणणं आहे.

लाकडी पेटीला जुनं पॉलिश पूर्ण घासून काढण्याआधी एकदा मेणाने हलकं पुसून बघा, बरेचदा तेवढ्यावर चकाकी परत येते. सांध्यात भुसा दिसला तर कीड लागली आहे. चासी बाहेर असतानाच औषध भरा. तुटलेला डायलचा दोरा बदलताना पुलीभोवती तो किती वेढे आणि कोणत्या बाजूने जातो याचं चित्र आधी काढा. नायलॉन घसरतो, विणलेला दोरा घ्या.

मागचा पुठ्ठा परत लावा. तो शोभेसाठी नसतो, बोटं आत जाऊ नयेत म्हणून असतो. त्याची भोकं भिंतीला चिकटवू नका, किमान चार बोटं जागा सोडा, आणि वर विणलेला रुमाल घालायचा असेल तर तो मागच्या भोकांवर येऊ देऊ नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर सेट लावा, स्वतःच्या उष्णतेने तो आतून कोरडा राहतो. गडगडाट सुरू झाला की पिन काढा आणि एरियलही सोडवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, पुठ्ठा काढून धूळ झटका आणि ईएल84 च्या ग्रिडवरचा शून्य पुन्हा एकदा मोजून घ्या.